उठावदार सोन्याखालचा थर का तडकतो?

वहीवाला:
मध्ययुगीन युरोपातल्या मठांमधल्या हस्तलिखितांत सोन्याची अक्षरं पानावर फुगीर दिसतात. तसंच एक आद्याक्षर वासराच्या चर्मपत्रावर करायचं आहे. सोन्याखालचा थर वाळला की तडकतो, वर्ख कडांना धरत नाही. थर कशाचा करावा? आणि आधी सोनं की रंग?

शाईदौत:
सोनं आधी. लेखनिक मजकूर लिहून आद्याक्षराची जागा मोकळी सोडायचा. मग रेखाटन, सोनं, रंग आणि शेवटी काळी कड. आधी रंग भरलात तर वर्खाचे कण त्यालाही चिकटतात आणि घोटताना रंग फासला जातो.

थरासाठी ८ भाग मुरवलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस, ३ भाग सफेदा, १ भाग साखर, १ भाग मासळीचा सरस, शिवाय थर पांढऱ्या पानावर दिसावा म्हणून चिमूटभर तांबडी माती. प्लास्टर भरपूर पाण्यात महिनाभर रोज ढवळायचं, म्हणजे त्याचा घट्ट होण्याचा गुण जातो. हे टाळलंत तर खलातच दगड होईल. सफेदा म्हणजे शिसं आहे, कोरडा खलू नका.

रेघोटी:
तडकतोय म्हणजे साखर कमी किंवा सरस जास्त. साखर ओलावा धरते, म्हणून पान वाकलं तरी थर तग धरतो; सरस वाढला की काचेसारखा कडक होतो. पिसाच्या लेखणीनं मधोमध थेंब सोडून कडांपर्यंत ओढा. आधीचा भाग सुकल्यावर पुढचा जोडलात तर सांधा उघडणारच. बुडबुडे सुईनं लगेच फोडा. पान सपाट ठेवून रात्रभर वाळवा, पंखा नको.

वर्ख लावताना बारीक नळीतून थरावर दोन-तीनदा खोल, ऊबदार श्वास सोडा, त्याच्या ओलाव्यानं थर चिकट होतो, आणि वर्ख लगेच टेकवा. कडांना थर पातळ असल्यानं तिथला ओलावा आधी उडतो. तुमचं दुखणं तेच. मग पातळ कागदावरून दाबून अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटा (जुने लोक कुत्र्याचा दात वापरत). पावसाळ्यात उलट त्रास: थर मऊ राहतो आणि घाई केली तर सोनं थरासकट उपटून येतं.

हिंगूळ:
शेजारी पिवळा हवा असेल तर हरताळ (गंधक असलेला पिवळा खनिज रंग) सफेद्यात किंवा जंगालात (तांब्यापासूनचा हिरवा रंग) मिसळू नका, त्यातल्या गंधकामुळं मिश्रण काळवंडतं. जंगाल चर्मपत्रही खातो.

बाकी, फुगीर सोनं सगळ्याच मठांत नव्हतं. साधारण इ.स. ८००च्या ‘बुक ऑफ केल्स’ या सचित्र बायबल-हस्तलिखितामध्ये सोनं अजिबात नाही, पिवळी झळाळी हरताळाची आहे. आणि १३व्या शतकापासून पॅरिससारख्या शहरांत हे काम भिक्षूंपेक्षा मठाबाहेरचे कारागीरच जास्त करत.

वहीवाला:
वर्ख किती कॅरेटचा घ्यावा?

रेघोटी:
२३ किंवा त्यावरचा. हलक्या वर्खात चांदी-तांबं जास्त, तो पुढं काळा पडतो.