तयार क्वेरीतील ‘वर्ष’ कोणते?

सिव्हीसीआरएम या संस्थांच्या देणगीदार-देणग्यांची नोंद ठेवणाऱ्या संगणकप्रणालीसाठी इतरांनी लिहिलेल्या क्वेरी (नोंदींतून हवी ती माहिती काढणाऱ्या आज्ञा) जशाच्या तशा वापराव्यात, असे काहींचे मत आहे; ते मला अर्धेच पटते. अशा अनेक क्वेरी जानेवारी ते डिसेंबर धरून बेरीज करतात. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. बीड जिल्ह्यातील आमच्या संस्थेत त्यामुळे शेवटच्या तिमाहीतील देणग्या वर्षाच्या यादीतून गळाल्या, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांतील देणग्या शिरल्या, आणि पावतीपुस्तकाशी ताळा घेतला तेव्हाच हे उघड झाले. १०बीडी, म्हणजे संस्थेने प्राप्तिकर विभागाला द्यायचे वर्षभरातील देणग्यांचे विवरणपत्र, ३१ मेपर्यंत भरायचे असते व देणगीदाराची ८०जी सवलत (देणगीवरची प्राप्तिकर सवलत) त्यावरच अवलंबून असते, म्हणून ही चूक मला फार गंभीर वाटते.

प्रणाली तपासण्यासाठी केलेल्या चाचणीच्या देणग्याही खऱ्या देणग्यांच्याच तक्त्यात साठवल्या जातात. त्या वगळणारी अट क्वेरीत आहे का, हेही पाहावे.