मदत हवी आहे: वडिलांच्या छातीतील पाण्याच्या रिपोर्टचा अर्थ कसा लावावा?

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांना सहा वर्षांपासून हार्ट फेल्युअरचा त्रास आहे. दिवाळीनंतर त्यांना आडवे झाले की धाप लागू लागली, तेव्हा एक्स-रेमध्ये छातीत दोन्ही बाजूंना, उजवीकडे अधिक, पाणी दिसले. फुफ्फुसावरचे आवरण आणि छातीच्या भिंतीचे आतले आवरण यांच्यामधल्या पोकळीत निरोगी माणसातही थोडे पाणी असते, पण ते जेमतेम १०-२० मिलीलिटर. वडिलांच्या उजव्या बाजूने सुईने ८०० मिलीलिटर काढावे लागले.

अडचण रिपोर्टची आहे. पाण्यातील प्रथिने ३.६ आणि रक्तातील ६.८ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) असल्याने गुणोत्तर ०.५३ येते. अशा पाण्याचा प्रकार ठरवण्यासाठी १९७२ पासून वापरात असलेल्या डॉ. लाइट यांच्या निकषांनुसार ते ०.५ च्या वर गेले की पाणी एक्झुडेट, म्हणजे आवरणाच्याच आजारामुळे साठलेले, धरले जाते. एलडीएच या एन्झाइमचे त्याच यादीतले दोन्ही निकष मात्र मर्यादेच्या आत आहेत, एडीए (टीबीच्या पाण्यात सहसा वाढणारे एन्झाइम) १४ म्हणजे कमी आहे, ताप नाही आणि वजनही घटलेले नाही. तरीही पेशींमध्ये लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असल्यामुळे टीबीचे औषध सुरू करून पाहावे, असे आम्हाला सुचवण्यात आले आहे.

माझ्या वाचनाप्रमाणे हार्ट फेल्युअरचा रुग्ण लघवीच्या गोळ्या घेत असेल, तर शरीरातील पाणी उतरताना पोकळीतील प्रथिने दाट होतात आणि मुळात ट्रान्स्युडेट, म्हणजे आवरण निरोगी असताना दाबामुळे झिरपलेले, असलेले पाणी एक्झुडेटच्या रकान्यात जाते. पाणी काढण्याआधी दहा दिवस वडिलांची हीच गोळी दुप्पट केलेली होती. अशा वेळी रक्तातील व पाण्यातील प्रथिनांची वजाबाकी पाहतात आणि ती ३.१ पेक्षा जास्त असली, तर कारण हृदय असण्याची शक्यता अधिक मानतात. आमची वजाबाकी ३.२ येते. हा फरक इतका निसटता आहे की केवळ त्यावर विसंबण्याचे धैर्य मला होत नाही. पाण्यातील अल्ब्युमिन (प्रथिनांचाच एक प्रकार) तपासलेलेच नाही.

येथील जाणकारांनी, विशेषतः छातीच्या विकारांच्या डॉक्टरांनी, कृपया सांगावे: रक्तातील व पाण्यातील अल्ब्युमिनमधील फरक १.२ च्या वर आला, तर कारण हृदयच आहे या निष्कर्षाला पुरेसे बळ मिळते का? लॅबने राखून ठेवलेल्या नमुन्यावर ही तपासणी करता येईल, की पुन्हा सुई घालावी लागेल? रक्तातील एनटी-प्रोबीएनपीने (हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या तपासणीने) काही उलगडा होईल का?

डॉक्टरांचा सल्ला डावलण्याचा माझा हेतू नाही. टीबीच्या पाण्यात जंतू फार कमी असल्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा सापडत नाहीत आणि म्हणून डॉक्टरांना अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो, हेही मी समजू शकतो. परंतु वडील वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) घेतात, रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे त्याचा परिणाम बराच घटतो आणि मोठ्या कष्टाने स्थिरावलेला त्यांचा आयएनआर (रक्त गोठण्याचे मोजमाप) पुन्हा बिघडेल, याची मला फार काळजी वाटते. शुक्रवारी आमची डॉक्टरांशी भेट आहे. तेव्हा कोणती तपासणी नेमक्या कोणत्या शब्दांत मागावी, एवढे जरी कळले तरी मोठी मदत होईल.