इव्हान चुर्कोविच: गोलरक्षक ते क्लबचे अध्यक्ष

प्रश्न: हर्झेगोविनातील मोस्तार येथे 1944 साली जन्मलेले इव्हान चुर्कोविच पुढे बेलग्रेडच्या पार्टिझान या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष झाले, हे ठाऊक आहे, परंतु फ्रान्समध्ये त्यांचे नाव एवढे का घेतले जाते, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद: 1972 ते 1981 या काळात सेंट-एतिएन या फ्रेंच क्लबकडून खेळताना त्यांनी चार वेळा फ्रेंच लीग जिंकली. 1976 च्या ग्लासगो येथील युरोपियन कप अंतिम सामन्यात मात्र जर्मनीच्या बायर्न म्युनिकच्या रोटने फ्री किकवर त्यांना चकवले, तर सहकाऱ्यांचे दोन फटके चौकोनी आडव्या दांडीवर आदळून परतले. ते गोलखांब सेंट-एतिएनने 2013 मध्ये चक्क विकत घेतले!

प्रतिसाद: किंचित दुरुस्ती करतो, दुसरा फटका नव्हे, सांतिनीचा हेडर होता. पार्टिझानचे अध्यक्षपद चुर्कोविच यांनी 1989 ते 2006, म्हणजे युगोस्लाव्हिया फुटत असतानाही, सांभाळले, आणि मला तेच अधिक अवघड वाटते.