मदत हवी आहे : अमृतसरला कडाका, चेन्नईत पाऊस आणि तासगावात ढग, नक्की कुणाचं ऐकू?

मंडळी नमस्कार. तासगाव तालुक्यात दीड एकर थॉमसन द्राक्षबाग आहे, छाटणी 10 ऑक्टोबरची, म्हणजे बाग आता ऐन फुलोऱ्यात. आमचं निम्मं घराणं गलाईत (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात) असल्यामुळं हवामानाचे फोन सगळ्या देशातनं येतात. दादा अमृतसरला, मेव्हणा चेन्नईत, भाचा गुवाहाटीला (तो म्हणतो मामा इथं साडेचारलाच दिवस मावळतो, ते वेगळंच).

तर झालं असं की बुधवारी दादा म्हणाला, काश्मिरात बर्फ पडलाय, इकडं स्वेटर निघाले, दोन दिवसात तुमच्याकडं पण थंडी येतीय बघ. मी खूश, म्हटलं थंडी पडली की आभाळ मोकळं आणि डाऊनीचं (पानांवर तेलकट डाग पाडणाऱ्या बुरशीचं) टेन्शन कमी, म्हणून फवारणी पुढं ढकलली. आणि शुक्रवारी रात्री गोधडी पण नको वाटली, सकाळी बघतो तर आभाळ भरलेलं, पानं ओली, आणि काल दोन-तीन ओळींत तेलकट डाग सापडले. मेव्हण्यानं सोमवारीच सांगितलं होतं की पावसानं दुकानात पाणी आलंय, पण मी म्हटलं चेन्नईचा आपल्याशी काय संबंध?

औषध कुठलं ते सांगू नका, दुकानदार आहे आणि त्याची उधारी पण आहे. फक्त एवढं सांगा, थंडी येणार का ढग येणार हे आधी ओळखायचं कसं? एक ॲप सूर्य दाखवतंय, दुसरं ढग.

उगवतीचं_वारं : दादा, नोव्हेंबरात मेव्हण्याचा फोन आधी घ्यायचा. काश्मीरचा बर्फ येतो पश्चिमी झंझावातातनं, तो भूमध्य समुद्राकडनं येतो. तो पुढं सरकला की मागनं उत्तरेचं कोरडं गार वारं सुटतं, तेच खाली आपल्यापर्यंत पोचलं तर थंडी. पण ह्याच दिवसात बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होतात, तमिळनाडूचा तर हाच मोठा पावसाळा. तसला एखादा किनाऱ्याजवळ आला की आपल्याकडं वारं फिरतं, उगवतीकडनं बाष्प येतं आणि उत्तरेची थंडी वरच अडकते. वर ढग असले की रात्री जमिनीची उष्णता निघून जात नाही, म्हणून गोधडी नको झाली. 2024 ला 30 नोव्हेंबरला फेंगल वादळ पुद्दुचेरीजवळ धडकलं आणि डिसेंबर लागताच आपली थंडी गायब, आठवतंय का?

धागाकर्ता : आठवतंय की, तेव्हा पण फवारण्यांनी पाठ मोडली होती. पण 2021 ला डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसात झोडपलं, तो पण उपसागराचाच का?

उगवतीचं_वारं : नाही, तो अरबी समुद्राकडनं. म्हणून दोन्हीकडं लक्ष ठेवावं लागतं.

कासपठारी : साताऱ्यातनं बोलतोय. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर हिमकण जमतात ते आभाळ निरभ्र आणि वारं पडलेल्या रात्रीच, ढग असले की काही नाही. बागेत साधा थर्मामीटर टांगा, पहाटेचा आकडा रोज लिहा आणि एका काठीला रिबन बांधा. आकडा एका रात्रीत चार-पाच डिग्री वर गेला आणि रिबन मावळतीकडं उडायला लागली की अमृतसर विसरा. आणि थंडीची एवढी घाई कशाला, हवामान खात्याच्या हिशेबात हिवाळा जानेवारी-फेब्रुवारीत, डिसेंबरपर्यंत मान्सूनोत्तर काळच चालू असतो :)

धागाकर्ता : रिबन बांधली, मुलीच्या वेणीची. आत्ताच मेव्हण्याला फोन लावला, म्हणतोय चेन्नईत कडक ऊन पडलंय. म्हणजे सुटलो का?

उगवतीचं_वारं : थांबा. तिथं ऊन पडलं म्हणजे तो दाब विरला, नाहीतर जमिनीवरनं इकडं सरकला. सॅटेलाईट फोटोत कर्नाटकावर ढग आहेत का बघा आधी.

धागाकर्ता : आहेत. बेळगावच्या वर पांढरं दिसतंय. पंप भरायला निघालो.