परमिट रूम : उघड्या बाटल्यांचा हिशेब जुळत नाही, मदत हवी आहे

मंडळी, मालवणजवळ आमची छोटी परमिट रूम आहे, एफएल-३ परवान्याची (म्हणजे बसून पिण्यासाठी दारू विकण्याचा परवाना). सीलबंद माल रजिस्टरशी तंतोतंत जुळतो. बिअर आणि क्वार्टरही बरोबर. तूट येते ती फक्त सुट्या पेगांत. ७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीचे २५ पेग निघायला हवेत, पण बिलं २३ किंवा २४ चीच होतात.

पेगचं माप नवं आणलं, पाणी भरून तपासलं, ते बरोबर आहे. मग उघड्या बाटल्या रोज रात्री इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायला लागलो. ४२.८ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीचा ३० मिली पेग साधारण २८ ग्रॅम भरतो, त्यावरून शिल्लक काढतो. पण एकाच ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांचं वजनही सारखं नसतं, तिथे हिशेब डळमळतो.

तूट बहुतेक शनिवार-रविवारची, पर्यटकांची गर्दी असते तेव्हाची. त्यात लाईट गेली की बिलं हाताने लिहावी लागतात. काउंटरवरचा मुलगा नऊ वर्षं आमच्याकडे आहे. पुराव्याशिवाय त्याच्यावर बोट ठेवणं मला पटत नाही. कॅमेरा आहे, पण ओतताना हात झाकला जातो. मोठं सॉफ्टवेअर सध्या परवडणार नाही.

ज्यांचा असाच धंदा आहे त्यांनी कृपया सांगा: उघडी बाटली वजनाने मोजता की बाटलीवर खुणा करून? गर्दीत जादा ओतलेलं आणि बिल न झालेलं, हे दोन वेगळे कसे ओळखता? आणि सांडलेला किंवा फुटलेला माल उत्पादन शुल्काच्या रजिस्टरमध्ये तुम्ही कसा दाखवता?