पैसे देण्याआधी करारनामा मागा

पहिल्या कथासंग्रहासाठी प्रकाशक चाळीस हजार मागतोय, त्यात 'आयएसबीएनचा खर्च' (म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा) हाही धरलाय, देऊ का, असं तुम्ही विचारलंय. निदान त्या खर्चाला तरी ठाम नाही म्हणा. आपल्याकडे आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, लेखकाला स्वतःलाही ऑनलाइन अर्ज करता येतो.

त्याहून मोठी गोष्ट करारनाम्याची. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, गठ्ठे बांधणाऱ्या पोरांच्या गर्दीत, उभ्या उभ्या सही केली होती. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढी एकच ओळ. मुदत नाही, रॉयल्टीचा आकडा नाही. दोन वर्षांनी एका नाट्यसंस्थेने त्यातली कथा मागितली, तेव्हा माझ्याच कथेसाठी मला परवानगी मागत फिरावं लागलं. फार लागलं ते मनाला.

पुढे वकील मैत्रिणीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचून दाखवलं. हक्क देण्याची मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. रॉयल्टी किंवा मोबदला किती, हेही करारात लिहावं लागतं. म्हणून मसुदा घरी आणा, शांतपणे वाचा. नाट्य, चित्रपट, ऑडिओ, अनुवाद हे हक्क शक्यतो स्वतःकडेच ठेवा.

आणि संग्रहाची घाई नसेल तर आधी दिवाळी अंकांना कथा पाठवा, पण मे-जूनमध्येच. गणपतीपर्यंत बहुतेक अंकांची जुळवाजुळव झालेली असते.