मदत हवी आहे : मेळाव्यात बीपी वाढलेलं सापडतं, पुढे काय करायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून गावात दर महिन्याला आरोग्य मेळावा घेतो. गाव लहान, मोठं रुग्णालय लांब. बीपी आणि साखर तपासतो, एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवतो, मग लोक गप्पा मारत बसतात. येणाऱ्यांची कमतरता नाही. माझी अडचण तपासणीनंतर सुरू होते.

एखाद्याचं बीपी १६०/१०० भरतं. आम्ही चिठ्ठीवर आकडा लिहितो, 'डॉक्टरांना दाखवून घ्या' असं सांगतो. पुढच्या वेळी तोच माणूस येतो, आकडा जवळपास तोच, आणि औषध काही सुरू झालेलं नसतं. विचारलं की म्हणतो, 'मला कुठे काय होतंय?' बहुतेकांना खरंच काही होत नसतं. त्रास जाणवत नाही आणि आत मेंदूच्या, मूत्रपिंडांच्या, डोळ्यांच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत राहतात. ज्याचं काहीच दुखत नाही त्याला कामधंदा सोडून दवाखान्यात जा असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

याबद्दल थोडं वाचलं आणि जास्तच अस्वस्थ झाले. डेन्मार्कमध्ये सुमारे ६० हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या काही हजारांना तपासणीला बोलावलं, धोका दिसला त्यांना आहार-व्यायामाबद्दल पुन्हा पुन्हा समजावलं. दहा वर्षांनी पाहिलं तर हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू यांत न बोलावलेल्यांपेक्षा काहीही फरक नव्हता. हे निष्कर्ष २०१४ साली आले. आम्ही करतो ते याहून कमीच आहे.

मग उलट बाजूचं उदाहरण मिळालं. अमेरिकेत लॉस एंजेलिसला केशकर्तनालयांत येणाऱ्या, बीपी वाढलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला न्हावी फक्त समजावायचे आणि डॉक्टरांकडे जायला सांगायचे. दुसऱ्या गटासाठी फार्मासिस्ट दुकानातच यायचे आणि त्या माणसाच्या डॉक्टरांच्या संमतीनं तिथेच औषध सुरू करायचे, कमीजास्त करायचे. सहा महिन्यांत पहिल्या गटाचं वरचं बीपी सरासरी ९ अंकांनी उतरलं, दुसऱ्याचं २७ अंकांनी. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. सांगणारा दोन्हीकडे न्हावीच, तितकाच ओळखीचा होता. फरक पडला तो उपचार माणसापर्यंत चालत आल्यामुळे.

आमच्याकडे असा फार्मासिस्ट नाही, औषध लिहून देण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नाही. मग चिठ्ठी आणि दवाखाना यांच्यामधली ही दरी साध्या स्वयंसेवकांनी कशी भरून काढायची? फोन करून विचारावं तर गाव एवढंसं, सगळे सगळ्यांना ओळखतात. 'माझी साखर वाढलीय हे शेजाऱ्यांना कसं कळलं?' असं कोणी म्हणालं तर लोक आमच्याकडे यायचेच बंद होतील, आणि ते बरोबरच असेल. शिवाय येणाऱ्यांत बायका जास्त, पुरुष कमी, आणि जी माणसं घरात एकटी आहेत ती तर येतच नाहीत.

तुमच्याकडे कोणी असा उपक्रम चालवत असेल, किंवा या क्षेत्रातलं कोणी असेल, तर कृपया सविस्तर लिहा. मेळावा बंद करायचा नाही. तो उपयोगी पडायला हवा.

प्रतिसाद, निवृत्त परिचारिका

ताई, फार महत्त्वाचा विषय काढलात. पाठपुराव्याआधी मोजणीबद्दल बोलते, कारण आकडाच चुकीचा असेल तर पुढचं सगळं फुकट. मेळाव्यात माणूस चालत येतो, रांगेत उभा राहतो, ओळखीच्यांशी बोलत बोलत खुर्चीत बसतो आणि लगेच त्याच्या दंडाला पट्टा बांधला जातो. असं बीपी जास्तच भरणार. पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवलेला. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नको. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी आकडा फुगतो, म्हणून मोठा पट्टा जवळ हवाच. मोजताना दोघांनीही बोलायचं नाही. मिनिटभरानं पुन्हा मोजायचं. अर्ध्या तासात चहा, कॉफी किंवा तंबाखू झाली असेल तर थांबवून ठेवा.

एवढं करूनही १४०/९० किंवा वर आलं तरी त्या दिवशी 'तुम्हाला बीपी आहे' असं सांगू नका. वेगवेगळ्या दिवशी मोजूनच ते ठरतं. साखरेचंही तेच. बोटातल्या थेंबावरून फक्त अंदाज येतो. निदानाला प्रयोगशाळेतली उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, आणि लक्षणं नसतील तर पुन्हा खात्री. मात्र बीपी १८०/१२० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही असेल तर चिठ्ठी लिहीत बसू नका, तडक रुग्णालयात न्या.

आता तुमचा प्रश्न. 'दाखवून घ्या' हे वाक्य मेळाव्यातून काढूनच टाका. माणूस खुर्चीवरून उठायच्या आत दवाखान्याचा दिवस आणि वेळ ठरवून द्या, आणि सोबत कोण जाणार तेही विचारा. जवळच्या डॉक्टरांशी आधी बोलून तुमच्या लोकांसाठी आठवड्यातला एखादा ठरावीक तास राखून घेता आला तर उत्तम. फोन करायचा असेल तर त्या माणसाची परवानगी तिथेच घ्या: कोणत्या नंबरवर, किती वाजता, घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं. वही एकाच व्यक्तीच्या ताब्यात, कुलपात. आकडा मोठ्यानं उच्चारायचा नाही, कागदावर दाखवायचा. मोजणीचं टेबल पडद्याआड घ्या, हे आजच करण्यासारखं आहे.

प्रतिसाद, मधुमेह असलेला एक सभासद

परिचारिका ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंच आहे. मी रुग्णाच्या बाजूनं लिहितो. व्याख्यानं मी खूप ऐकली, पण माझ्यात बदल झाला तो आमच्यासारख्याच आठदहा जणांच्या बैठकीमुळे. इन्सुलिनची मला प्रचंड भीती होती. इन्सुलिन रोज घेणारा माणूस समोर बसून सुई कशी टोचतो ते दाखवायला लागल्यावर भीती ओसरली. पाय रोज बघायचे, बोटांच्या मधे जखम नाही ना हे तपासायचं, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण सवय लागली ती गटात. दर बैठकीला कोणीतरी विचारायचंच.

एक धोका मात्र नक्की सांगेन. अशाच बैठकीत 'मी गोळ्या सोडल्या, अमुक रस पितो, तुम्हीही सोडा' असं सांगणाराही येतो, आणि तो फार आत्मविश्वासानं बोलतो. आमच्याकडे एक नियम कडक आहे. स्वतःचा अनुभव सांगा, दुसऱ्याच्या औषधाला हात लावू नका. गट चालवणाऱ्यानं तिथल्या तिथे थांबवायला हवं, संकोच न करता.

पुरुषांबद्दल: त्यांना तपासणीला बोलावू नका, कामाला बोलावा. खुर्च्या लावणं, नोंदणी, यंत्र सांभाळणं. जो दिवसभर इतरांचं बीपी मोजण्यात मदत करतो तो शेवटी स्वतःचंही मोजून घेतो. आणि तुम्हीच दिलेलं केशकर्तनालयाचं उदाहरण बघा, तिथे पुरुषांना कुठे बोलावलंच नव्हतं.

प्रतिसाद, सार्वजनिक आरोग्यात काम करणारी

धागाकर्ती, तपासणीचा डेन्मार्कचा निष्कर्ष खरा आहे, पण त्यावरून 'एकत्र जमण्यानं काही होत नाही' असं समजू नका. झारखंड आणि ओडिशात 'एकजुट' संस्थेनं बायकांच्या मासिक बैठका घेतल्या. बैठक चालवणारी गावातलीच बाई. चित्रं, गोष्टी, खेळ यांतून बायका बाळंतपणातल्या आणि नवजात बाळांच्या अडचणी ओळखायच्या, त्यातली आधी कोणती सोडवायची ते स्वतःच ठरवायच्या आणि मग तसं करून बघायच्या. २०१० साली आलेल्या निष्कर्षांत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू बैठका नसलेल्या भागांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होते. पुढे अशा सात अभ्यासांचा एकत्र विचार झाला तेव्हा दिसलं की गरोदर बायकांपैकी निदान ३० टक्के जिथे बैठकीला यायच्या तिथे परिणाम ठळक होता. म्हणजे कोण येत नाही याची तुमची काळजी अगदी योग्य जागी आहे.

घरात एकट्या असलेल्यांसाठी इंग्लंडमधल्या फ्रूम या छोट्या गावाचं काम वाचा. २०१३ पासून तिथल्या दवाखान्यानं गावातली मंडळं, गट, मदतीच्या जागा यांची यादी केली आणि सामान्य लोकांना थोडं प्रशिक्षण दिलं, म्हणजे एकटं पडलेलं माणूस भेटलं की त्याला कुठे जोडून द्यायचं ते त्यांना कळावं. पुढच्या काही वर्षांत गावातली तातडीची रुग्णालय भरती कमी झाली, आसपासच्या सॉमरसेट परगण्यात ती वाढत असताना. तो काटेकोर तुलनात्मक प्रयोग नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय याच कामाला देता येत नाही. तरी यादी करण्याची कल्पना तुम्ही विनाखर्च उचलू शकता.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पडदा, मोठा पट्टा आणि बसायच्या पाच मिनिटांसाठी वेगळ्या खुर्च्या, हे पुढच्या मेळाव्यात नक्की. डॉक्टरांशी राखीव तासाबद्दल बोलते. व्याख्यान एक महिना आड करून त्या वेळेत लहान गट बसवायचा विचार आहे, औषधाच्या नियमासकट.

आता एकच विचारायचं राहिलं. सगळं समजावल्यावर, वेळ ठरवून दिल्यावर, सोबत यायची तयारी दाखवल्यावरही एखादा माणूस शांतपणे 'नको' म्हणाला तर तुम्ही किती वेळा विचारता? त्याचा नकार मला मान्य करायचा आहे, पण पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा समोर बघून गप्पही बसवत नाही. ज्यांनी असे प्रसंग हाताळलेत त्यांनी कृपया लिहा, अगदी नेमके कोणते शब्द वापरले तेसुद्धा.